पायथ्याची वाळू

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘काठ’ हा विषय कळवला आणि सोबत एक प्रश्नही जोडला. कोकणात बंधारे बांधल्याच्या आणि बंधारे खचल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं जोडीनं येत राहतात, त्या का? उत्तर शोधायला मी रत्नागिरीजवळच्या मिऱ्याला गेलो, मालवणजवळच्या देवबागला गेलो आणि समुद्रापासून शंभरेक किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या या बाजूला असलेल्या खडकवासल्यालाही गेलो. कोकणच्या लाटांचा अभ्यास तिथं होतो, हे किनाऱ्यावरच्या फार थोड्या माणसांना ठाऊक आहे.

मिऱ्याचा बंधारा

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांमधली नारळी-पोफळी काही तासांत आडवी झाली. त्याच दिवशी तिथून बरंच दक्षिणेला, रत्नागिरीत, ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला धडकलं. खलाशी वाचले. जहाज मात्र पुढं कित्येक वर्षं तिथंच कलंडलेलं राहिलं. लोक त्याच्यासोबत फोटो काढायला येत. मिऱ्याच्या रहिवाशांना मात्र ते रोज डोळ्यांसमोर ठेवलेलं स्मरणपत्र होतं, कारण वादळ त्यांच्या दारावरून गेलंच नव्हतं. ते रायगडात धडकलं होतं आणि लाटा इथं आल्या होत्या.

मिऱ्या म्हणजे रत्नागिरीच्या उत्तरेला समुद्रात घुसलेला डोंगर आणि त्याच्या लगतची सखल पट्टी. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. मुरुगवाड्याच्या पांढऱ्या समुद्रापासून जाकिमिऱ्या-भाटीमिऱ्याकडे चालत गेलं की जुन्या बंधाऱ्याचे काळे दगड दिसत राहतात. काही जागेवर आहेत, काही घरंगळून ओहोटीच्या रेषेपर्यंत गेले आहेत, काही वाळूत गळ्यापर्यंत रुतले आहेत. नवं काम मोठ्या दगडांचं आणि टेट्रापॉडचं आहे. टेट्रापॉड म्हणजे मरीन ड्राइव्हवर बसायला जागा शोधताना आपण पाहतो ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. सराट्याच्या काट्यासारखा त्यांचा घाट आहे, कसेही टाका, एक पाय वरच राहतो.

वस्तीतल्या एका काकूंनी मला बंधाऱ्याची समुद्राकडची बाजू दाखवलीच नाही. त्यांनी मागची बाजू दाखवली. माथ्याच्या दगडांमागं मातीत कमरेएवढा खळगा पडला होता आणि त्यात गेल्या उधाणातल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, जाळ्याचे तुकडे, सुकलेलं शेवाळ अडकलं होतं. समोरचे दगड हलले नव्हते. “पाणी वरून उडी मारतं आणि मागून खातं,” काकू म्हणाल्या. पुढं खडकवासल्यात आणि अभ्यासाच्या पुस्तकांतही मला हेच वाक्य वेगळ्या शब्दांत भेटलं.

खडकवासल्याचा हौद

केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, म्हणजे पुणेकरांचं सीडब्ल्यूपीआरएस, १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारनं पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी सुरू केलं. नद्यांवर इथं मोलाचं काम केलेले सर क्लॉड इंग्लिस पुढं इंग्लंडला परतले आणि तिथल्या वॉलिंगफर्डच्या जलसंशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. एवढी या जागेची पत होती. आज इथं मोठमोठ्या छपरांखाली देशभरातली बंदरं, नदीमुखं, किनारे सिमेंटात घडवलेले असतात. धरणातून आलेलं पाणी त्यांवर खेळवलं जातं.

लाटरोधक भिंतीची चाचणी ज्या लांबट हौदात होते त्याला फ्लूम म्हणतात. त्याची एक बाजू काचेची असते. एका टोकाला पोलादी फळी पुढंमागं हलते आणि पाण्यात लाट उठवते. दुसऱ्या टोकाला बंधाऱ्याची छोटी प्रतिकृती असते आणि तिच्यासमोर समुद्राचा तळ जसा चढत जातो तसाच सिमेंटचा उतार घातलेला असतो.

सगळी गंमत प्रमाणात आहे. समजा, छत्तीस पट लहान प्रतिकृती केली. साडेचार मीटरची लाट इथं साडेबारा सेंटिमीटरची होते. पण काळ छत्तीस पटींनी कमी होत नाही, त्याच्या वर्गमुळानं, म्हणजे सहा पटींनी कमी होतो. बारा सेकंदांनी येणारी लाट हौदात दोन सेकंदांनी येते आणि सहा तासांचं वादळ तासाभरात उरकतं. वजन मात्र घनानं उतरतं. दहा टनांचा टेट्रापॉड हिशोबानं २१४ ग्रॅमचा होतो. त्यातही एक खोच आहे. धरणाचं पाणी गोडं, समुद्राचं खारं. खाऱ्या पाण्यात वस्तू जास्त हलकी होते, त्यामुळं हौदातला टेट्रापॉड आणखी थोडा हलका घ्यावा लागतो, नाहीतर भिंत आहे त्याहून मजबूत भासेल. असे शेकडो ठोकळे वजन करून, रंगवून, हातानं एकेक बसवले जातात. तळहातावर घेतला तर दोन सीताफळांच्या मधे लपेल एवढाच तो ठोकळा, पण त्याच्या वजनातला फरक किनाऱ्यावर हजार-हजार किलोंचा होतो.

रंग शोभेसाठी नसतात. पायथ्याशी एक रंग, मधल्या उतारावर दुसरा, माथ्याशी तिसरा. चाचणीपूर्वी छायाचित्र घेतात, मग लाटा सोडतात. आधी ठरवलेल्या वादळाच्या साठ टक्के उंचीच्या, मग ऐंशी, मग पूर्ण, आणि शेवटी त्याहूनही वरच्या. पुन्हा छायाचित्र. लाल ठोकळा निळ्यांत जाऊन पडला असेल तर तो कुठून निघाला हे तत्काळ कळतं. किती निघाले ते मोजतात, किती नुसते जागच्या जागी डुलत होते तेही टिपून ठेवतात. काचेजवळ उभं राहिलं की लाट भिंतीवर चढताना जेवढी भीती वाटते तेवढी उतरताना वाटत नाही. प्रत्यक्षात ठोकळे बरेचदा उतरत्या पाण्यानं निघतात. भिंतीच्या पोटात शिरलेलं पाणी बाहेर पडताना दगडाला आतून ढकलतं.

म्हणून चांगली भिंत पोकळ्यांची असते. बाहेरच्या दोन थरांत मोठे दगड किंवा टेट्रापॉड, त्यांच्या खाली त्यांच्या साधारण एकदशांश वजनाचे दगड, त्याखाली आणखी बारीक गाभा. वरच्या थराच्या फटींतून खालचा दगड निसटणार नाही आणि पाणी मात्र आत जाऊन जिरेल, असा हा बेत असतो. सपाट काँक्रीटची भिंत दिसायला भक्कम, पण ती लाट जिरवत नाही, परत फेकते. ती परतलेली लाट पुढच्या लाटेला भिडते आणि पायथ्याची वाळू उकरते.

वजन किती हवं, याचं एक सूत्र अमेरिकेतल्या व्हिक्सबर्गच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हडसन यांनी १९५०च्या दशकात अशाच हौदांतल्या प्रयोगांवरून बसवलं. ते आजही प्राथमिक आराखड्यासाठी वापरतात. त्यातली एकच गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येक सरपंचाला ठाऊक असावी असं मला वाटतं: दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनानं वाढतं. लाट सव्वापट झाली की दगड जवळपास दुप्पट वजनाचा लागतो. आणि भिंतीपाशी येणारी लाट किती उंच असेल, हे बहुतेक ठिकाणी पायथ्याशी असलेलं पाणी ठरवतं. पाण्याच्या खोलीच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास उंची गेली की लाट फुटते. उथळ पाणी मोठ्या लाटेला भिंतीपर्यंत पोचूच देत नाही.

आता हे दोन्ही एकत्र करा. पायथ्याशी तीन मीटर पाणी धरून भिंत बांधली. काही पावसाळ्यांत पायथ्याची एक मीटर वाळू निघून गेली. पाणी चार मीटर झालं. लाट एक-तृतीयांशानं वाढली, आणि तीन टनांचा दगड पुरत होता तिथं सात टनांचा लागू लागला. भिंतीत दगड मात्र तीन टनांचेच आहेत. वादळाच्या वाऱ्यानं समुद्राची पातळी मीटरभर चढली तरी हाच हिशोब लागू होतो, आणि वाढत्या तापमानानं समुद्र वर येतो आहे तेव्हाही हाच. भिंत खचली की पहिला संशय दगडाच्या दर्जावर आणि ठेकेदारावर जातो. कधी तो खराही असेल. पण दगड चोख असूनही, नुसती वाळू गेल्यानं भिंत नापास होऊ शकते, हे या सूत्रात स्वच्छ लिहिलेलं आहे.

सीनिशचा धडा

पोर्तुगालच्या सीनिश बंदराची मोठी लाटरोधक भिंत पन्नास मीटरपर्यंत खोल पाण्यात उभी केली होती. वरचं कवच होतं ४२ टनांच्या डोलोसचं. डोलोस हा टेट्रापॉडचा सडपातळ भाऊ, दक्षिण आफ्रिकेत १९६०च्या दशकात जन्मलेला, एकमेकांत छान अडकणारा. फेब्रुवारी १९७८च्या वादळात, काम संपत आलेलं असताना, हजारो डोलोस गेले आणि कवचाचा मोठा भाग नाहीसा झाला.

चौकशीत जे पुढं आलं त्यानं हौदातल्या शास्त्राची दिशा बदलली. लहान प्रतिकृतीतले ठोकळे फुटत नाहीत. छत्तीस पट लहान ठोकळ्यावर येणारा ताणही छत्तीस पट लहान होतो, पण सिमेंटची ताकद तेवढीच राहते. म्हणजे हौदातला ठोकळा प्रत्यक्षातल्यापेक्षा छत्तीस पट धट्टाकट्टा असतो. तो डुलतो आणि पुन्हा बसतो. समुद्रातला ४२ टनांचा डोलोस डुलला, शेजाऱ्यावर आपटला आणि कंबरेत मोडला. मोडलेल्या तुकड्यांना वजन नाही, अडकायला पाय नाहीत, आणि तेच तुकडे लाटेसोबत उरलेल्यांवर जाऊन आदळतात. तेव्हापासून ‘डुलणारे किती’ हा रकाना निघालेल्यांच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा झाला. शिवाय एकसारख्या लाटांऐवजी समुद्रात येतात तशा लहानमोठ्या, झुंडीनं येणाऱ्या लाटा हौदात सोडायला हव्यात, हा आग्रहही पक्का झाला. आज फळी हलवणाऱ्या संगणकाला उत्तर समुद्रातल्या मोजमापांवरून १९७३ साली मांडलेल्या ‘जॉनस्वॅप’सारख्या आलेखाप्रमाणं लाटा घडवायला सांगतात.

हौद मोठा केला तर यातले काही दोष कमी होतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला २०१५ पासून तीनशे मीटर लांब आणि साडेनऊ मीटर खोल हौद आहे. त्यात साडेचार मीटरपर्यंतची लाट उठते, म्हणजे कोकणात पावसाळ्यात दिसते तशी खरीखुरी लाट, खऱ्या मातीवर आणि खऱ्या गवतावर सोडता येते.

देवबाग

देवबागचा नकाशा पाहिला तरी छातीत धस्स होतं. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मधे वाळूची अरुंद पट्टी, तिच्यावर माड आणि माडांखाली घरं. टोकाला संगम. पलीकडे भोगवे. पर्यटकांना ही जागा आवडते ती नेमकी ज्या कारणानं, त्याच कारणानं ती धोक्यात आहे.

ऑक्टोबर २०१९मध्ये, ऐन दिवाळीत, ‘क्यार’ चक्रीवादळ अरबी समुद्रात महाचक्रीवादळाच्या ताकदीला पोचलं. ते किनाऱ्याला कुठंच धडकलं नाही, खोल समुद्रातून पश्चिमेकडे निघून गेलं. तरी सिंधुदुर्गात उधाणाचं पाणी वस्तीत शिरलं. मे २०२१मध्ये ‘तौक्ते’ कोकणाला समांतर वर सरकत गुजरातला गेलं आणि वाटेत सगळा किनारा झोडपून गेलं. वादळ दूर असलं तरी त्यानं उठवलेल्या लांब लाटा शेकडो किलोमीटर चालत येतात. अशी लाट खोल पाण्यात होडीला जेमतेम जाणवते. उथळात आली की तिचा वेग मंदावतो, उंची वाढते आणि लाटांच्या एकेका झुंडीसोबत किनाऱ्यालगतची पाण्याची पातळीच काही मिनिटं वर चढते. अमावास्या-पौर्णिमेची भरती त्याच वेळी आली तर पाणी आवाठात शिरतं.

देवबागातल्या एका आबांना मी विचारलं, समुद्र पूर्वी कुठं होता? ते काठी टेकत पुळणीवर आले आणि त्यांनी लाटा फुटत होत्या त्याच्याही पलीकडे बोट दाखवलं. “आमच्या आज्याच्या वेळेक दर्या थंय होतो.” मग बाजूला आडव्या झालेल्या माडाकडे पाहत म्हणाले, “वाऱ्यान नाय पडाक हो. पायाखालची वाळू गेली, मगे पडलो.” माडाची मुळं उघडी पडून झुबक्यासारखी लोंबत होती. बुंध्याला मागच्या वर्षी कुणीतरी सिमेंटच्या गोणींचा आधार दिला होता. त्या गोणी आता माडाच्या पुढं, पाण्यात होत्या.

वाळू जाते म्हणजे कुठं जाते? कोकणची पुळण वर्षभर श्वास घेत असते. पावसाळ्याच्या उभट, वरचेवर येणाऱ्या लाटा वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध रचतात. त्या बांधावरच पुढच्या लाटा फुटतात, म्हणजे किनाऱ्यानं स्वतःची वाळू मोडून स्वतःपुढं बंधारा उभा केलेला असतो. नारळी पौर्णिमा उलटली, समुद्र निवळला की लांब, शांत लाटा हीच वाळू हळूहळू परत आणतात आणि थंडीत पुळण पुन्हा रुंद होते. या व्यवहाराला जागा लागते. आणि नदीकडून नवी वाळूही लागते. खाडीतून बेसुमार उपसा झाला, वर धरणांनी गाळ अडवला, किंवा पुळणीवरच्या वाळूच्या टेकड्या सपाट करून त्यांवर घरं, हॉटेलं उठली, की जमेची बाजू आटते आणि खर्च तेवढाच राहतो. मर्यादवेलीचं जाळं, केवड्याची बेटं आणि त्यांमागची वाळूची उंचवट ही वादळासाठी राखलेली शिल्लक असते. सुशोभीकरणाच्या नावाखाली तीच आधी साफ होते, हे पाहून वाईट वाटतं.

किनाऱ्यावरच्या बदलांचा १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास चेन्नईच्या राष्ट्रीय किनारपट्टी संशोधन केंद्रानं उपग्रहचित्रांवरून केला. त्यात देशाचा साधारण एक-तृतीयांश किनारा झिजताना आढळला, महाराष्ट्राचा सुमारे चौथाई. म्हणजे आपला बराचसा किनारा अजून स्थिर आहे. सगळीकडे दगड टाकत सुटण्याची गरज नाही, आणि जिथं टाकायचे तिथं विचार करून टाकायला सवड आहे.

भिंत संपते तिथं

केरळात कोचीजवळच्या चेल्लानमला ‘ओखी’ आणि ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनंतर सात किलोमीटरहून लांब टेट्रापॉडची भिंत झाली. खर्च ३४४ कोटी. भिंतीमागच्या लोकांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा कोरडा पावसाळा पाहिला, आणि हे यश कुणी नाकारू नये. पण भिंत संपते तिथून पुढच्या कण्णमालीच्या बाजूच्या वस्त्या त्यानंतरच्या पावसाळ्यांतही पाण्याशी झगडत राहिल्या आणि आमच्याकडेही भिंत आणा म्हणून रस्त्यावर आल्या. भिंतीच्या टोकाला लाट वळते आणि मोकळ्या किनाऱ्याचा लचका तोडते, हे जगभर दिसलेलं आहे. एका गावाची सोय दुसऱ्या गावाच्या अंगावर ढकलायची नसेल तर आराखडा ग्रामपंचायतीच्या हद्दीनं आखून चालत नाही. तो एका भूशिरापासून दुसऱ्या भूशिरापर्यंतच्या सबंध पुळणीचा हवा. कोकणात हे तुलनेनं सोपं आहे, कारण आपल्या बहुतेक पुळणी दोन डोंगरांच्या कुशीत स्वतंत्र वसलेल्या आहेत.

पुदुच्चेरीची कथा अधिक आशा देणारी आहे. तिथं १९८०च्या दशकात बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी वाळू अडली. शहरासमोरची पुळण गेली, उरली दगडांची रास. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं अभ्यास करून पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा मोठा पोलादी कट्टा बसवला आणि बाहेरून वाळूही घातली. लाटा आधीच फुटू लागल्या, वाळू थांबू लागली. तीस वर्षं जिथं नुसते दगड होते तिथं २०१९च्या सुमारास मुलं पुन्हा वाळूत खेळू लागली. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात, पेंठा इथं, आयआयटी मद्रासच्या अभियंत्यांनी वाळू भरलेल्या जाड कापडी नळ्या रचून त्यावर दगडांचं आवरण दिलं. मोठा दगड दुरून आणणं परवडत नाही आणि जमीन मऊ आहे, अशा जागी हा मार्ग निवडला गेला. हे उपाय उचलून कोकणात आणा, असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक जागेची वाळू, लाट आणि उतार आधी मोजले गेले होते, हे त्यांतलं घेण्यासारखं.

मोजणारा देश

३१ जानेवारी १९५३च्या रात्री उत्तर समुद्रातलं वादळ नेदरलँड्सवर चढलं आणि १,८३६ माणसं गेली. तिथले मातीचे बांध बऱ्याच ठिकाणी समोरून फुटले नाहीत. लाटा माथ्यावरून पलीकडे उतरल्या आणि त्यांनी बांधाची मागची, जमिनीकडची बाजू खाल्ली. मिऱ्याच्या काकूंनी सांगितलं तेच. त्यानंतर त्या देशानं उभारलेल्या अजस्र दरवाजांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला दोन साध्या गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात.

पहिली, माथ्यावरून जाणाऱ्या पाण्याचा अभ्यास. भिंतीच्या दर मीटर लांबीवरून सेकंदाला किती लिटर पाणी पलीकडे पडतं, हे आता आराखड्याचं माप झालं आहे. किती पाण्यात माणूस मागच्या रस्त्यावर सुरक्षित चालेल, किती पाण्यात गवताचा उतार टिकेल, याचे आकडे प्रयोगातून काढले आहेत. २००७पासून डच अभियंते खऱ्या बांधाच्या माथ्यावर पाण्याची टाकी ठेवून लाटेएवढं पाणी मागच्या उतारावर ओततात आणि माती कधी सुटते ते पाहतात. दाट मुळांचं चांगलं गवत अपेक्षेपेक्षा पुष्कळ पाणी सोसतं, असं त्यातून दिसलं. कोकणातल्या जुन्या खारबांधांवरची हिरवळ राखण्याची चाल आठवा. आपल्याकडे मात्र बंधाऱ्याची मागची बाजू अंदाजपत्रकात बहुधा नसतेच.

दुसरी गोष्ट, १९६५पासून हा देश आपल्या सबंध किनाऱ्याचे छेद दरवर्षी मोजतो. कुठं पुळण किती खचली, पाण्याखालचा उतार किती बदलला, याची साठ वर्षांची वही त्यांच्याकडे आहे. १९९०मध्ये त्यांनी ठरवलं की किनारा आहे तिथं राखायचा आणि जिथं झीज दिसेल तिथं समुद्रातून वाळू आणून घालायची. ही वाळू पुन्हा जाणार, हे त्यांना माहीत असतं. म्हणूनच ती पुन्हा घालण्याचे पैसे ते दरवर्षी बाजूला ठेवतात.

वादळ येतं त्या दिवशी

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे पिवळे तरंगते गोळे देशाच्या किनाऱ्याभोवती नांगरलेले आहेत, रत्नागिरीसमोरही. गोळ्यातलं यंत्र लाटेसोबत वरखाली होताना त्वरण मोजतं आणि लाटेची उंची किनाऱ्याला कळवतं. या मोजमापांच्या आधारे उंच लाटांचा आणि लांबून येणाऱ्या उधाणाचा इशारा आता आधीच मिळतो. निसर्गच्या वेळी हजारो माणसं वेळेत हलवली गेली. पण इशारा लाटेचा येतो, आणि ती लाट आपल्या गावात कुठवर शिरेल हे गावच्या पुळणीवर अवलंबून असतं. त्याची नोंद हैदराबादला असणार नाही. ती गावातच ठेवावी लागेल.

दोन काठ्या

संपादकांच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर असं आहे. लाटा अडवण्याचं शास्त्र आपल्याकडे आहे, त्यासाठी लागणारे हौद आहेत, ते चालवणारी जाणती माणसं पुण्यात, चेन्नईत, गोव्यात आहेत. आपलं काम अडतं ते बंधारा बांधून झाल्यावर. उद्घाटनानंतर पायथ्याची वाळू कुणी मोजत नाही, घरंगळलेला दगड परत बसवायला वर्षाकाठी तरतूद नसते, आणि भिंत कुठल्या लाटेसाठी, किती पाणी धरून आखली होती हे भिंतीमागं राहणाऱ्यांना कुणी सांगत नाही. मग एका पावसाळ्यात ती खचते आणि पुन्हा नव्या कोटींची घोषणा होते.

हे बदलायला सरकारनं पैसा द्यायला हवाच. बंधाऱ्याच्या प्रत्येक कामात पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीची रक्कम धरलेली असावी, आणि आराखड्याचा गोषवारा मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. किनाऱ्यावरच्या वाचकांनी पुढच्या ग्रामसभेत ही मागणी करावी.

आणि एक काम कुणाच्या मंजुरीवाचून करता येईल. अमेरिकन शास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी १९६१ साली पुळण मोजायची एक रीत सांगितली. दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या घ्यायच्या, माथ्यापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करायच्या, आणि दोन्ही काठ्या ठरावीक लांबीच्या दोरीनं जोडायच्या. उधाणाच्या ओहोटीला एका पक्क्या खुणेपासून, देवळाच्या जोत्यापासून म्हणा, समुद्राकडे चालत निघायचं. मागच्या काठीपाशी उभ्या मुलानं पुढच्या काठीच्या माथ्यावरून क्षितिजाची रेघ पाहायची आणि ती मागच्या काठीला जिथं छेदते तो आकडा वाचायचा. तेवढा उतार. दुसऱ्यानं तो वहीत लिहायचा. पाण्यापर्यंत असं टप्प्याटप्प्यानं जायचं. सातवीच्या मुलांना जमेल असं हे काम आहे आणि शास्त्रज्ञ आजही अशा नोंदी वापरतात.

वर्षातून दोनदा मोजलं तरी पुरे, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा सरल्यावर. दिवाळीची सुटी त्यासाठी अगदी योग्य वेळ आहे. यंदाची पहिली मोजणी या सुटीतच करा आणि वही शाळेत जपून ठेवा.